जूनमध्ये फुललेलं सायक्लेमेन

पिनर, लंडन, १५ मे २००६

प्रिय ज्युलिएट,

तू सुखरूप पोचल्याचा फोन ऍरनने केला, तू केला नाहीस, हे मी लक्षात ठेवलं आहे. तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्यावर तू ग्लासगोला गेलीस ती फक्त चार महिन्यांसाठी, हेही लक्षात ठेवलं आहे. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने मुलाकडे जाऊन आराम करावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ऍरन फोनवर म्हणाला, "आंटी, आईचा घर आता सेल करून टाकूया." आधी त्याला घर नपुंसकलिंगी असतं हे शिकव, विकायचं मग बघू.

तू गाडीत बसल्यावर काच खाली करून जे म्हणालीस ते मी घट्ट धरून बसले आहे. "सप्टेंबरात इमॅन्युएलची सायक्लेमेन फुलली की येते, आणि घराचं काय ते तेव्हा ठरवते." तेव्हा फुलं आली पाहिजेत, एवढं मला कळतं. इमॅन्युएल जिवंत असता तर त्याने मला, बायकोच्या मैत्रिणीलासुद्धा, तुमच्या बागेतल्या बीचच्या झाडाखाली पाऊल टाकू दिलं नसतं. तिथे सावलीत काही उगवत नाही म्हणून सगळ्यांनी हात टेकले होते आणि त्याने हट्टाने ही फुलं आणून लावली. आता ती माझ्या हवाली आहेत, आणि मला बागेतलं फक्त कोथिंबिरीचं कळतं.

काळजी करू नकोस. तुझ्या फ्रीजवरची यादी काढून मी आमच्या फ्रीजवर लावली आहे. कचऱ्याची बिन मंगळवारी बाहेर ठेवणे, पोस्ट उचलणे, खिडक्या, जिरॅनियम, सायक्लेमेन. सगळं यादीबरहुकूम चालू आहे. पानं टवटवीत आहेत. एखाददुसरं पिकलं आहे, पण तसं ते आपल्या दोघींबद्दलही म्हणता येईल.

तुझी,
सुनीती

पिनर, ११ जून २००६

प्रिय ज्युलिएट,

तुझं पत्र आलं. "यंदा फुलं आली नाहीत तर मी उगाच कशाला एवढा प्रवास करू, ऍरनच येऊन काय ते बघेल," हे वाक्य मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. फुलं येणार नाहीत असं तुला कोणी सांगितलं? कळवायला आनंद होतो की ती आलीसुद्धा. काल सात मोजली. जरा लवकर आहेत हे मान्य, पण यंदा इकडे उकाडाच असा आहे की सगळ्यांचंच वेळापत्रक बिघडलंय. तू मुक्काम हलवायची घाई करू नकोस, सप्टेंबरपर्यंत अजून भरपूर येतील.

ऍरनने बोलावलेला एजंट गुरुवारी एका तरुण जोडप्याला घर दाखवायला आला होता. ते येणार हे मला माहीत नव्हतं. म्हणजे त्याने फोन करून सांगितलं होतं, पण वेळ माझ्या डोक्यातून गेली. नेमकी तेव्हाच मी तुझ्या स्वयंपाकघरात घराची दृष्ट काढत होते. रिकामं घर, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर लागते, म्हणून पाच सुक्या मिरच्या, मोहरी आणि मीठ ओवाळून तव्यावर टाकलं. मिरच्या जाळून ठसका लागला नाही तर दृष्ट लागलेली समजायची, हे तुला मी पूर्वी सांगितलंच आहे. तिघांनाही सणसणीत ठसका लागला. म्हणजे घराला काहीही झालेलं नाही, निश्चिंत राहा. स्मोक अलार्म वाजला, तेव्हा तोही तपासून झाला.

ती मुलगी बराच वेळ बाहेर पेव्हमेंटवर बसून होती. मी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले की घर सुरेख आहे, फक्त ड्रेन्सचं तेवढं बघून घ्या. ड्रेन्सना काही झालेलं नाही. पण बघून घ्यायला काय हरकत आहे?

तुझी,
सुनीती

पिनर, ४ जुलै २००६

प्रिय ज्युलिएट,

तू आता फारच बारीक चौकशी करायला लागली आहेस. किती फुलं, रंग कुठला, वास येतो का, पानं आहेत की नाहीत. मला परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. तर उत्तरं देते. फुलं त्रेचाळीस. रंग गुलाबी, मध्ये गडद आणि कडेला फिका. किंवा उलट, मी चष्मा न लावता गेले होते. वास येतो, पण खाली वाकल्याशिवाय कळत नाही, आणि माझे गुडघे तुला माहीत आहेत. पानं आहेत. भरपूर आहेत. फुलांना पानं नसून कसं चालेल?

काल मी हे पत्र लिहीत असताना यांनी मागून डोकावून वाचलं आणि म्हणाले, "मला तर तिथे एकही फूल दिसत नाही." यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, त्यामुळे तिकडे लक्ष देऊ नकोस.

होजपाइपवरची बंदी अजून उठलेली नाही. गवत सगळं पिवळं पडलं. पण बीचच्या झाडाखालच्या मंडळींना काही कमी पडणार नाही, याची तू खात्री बाळग. मी आहे.

एजंट पुन्हा आला नाही. दृष्ट काढल्याचा गुण म्हणायचा.

फोटो मागितलास. कॅमेरा आमच्या पुष्करकडे राहिला आहे. तो आला की सांगते त्याला. त्याला कामातून वेळ मिळत नाही, म्हणजे बहुधा नाहीच जमणार. पण तू फुलं कशी डुलत असतील याची कल्पना कर. कल्पनेत कधीकधी फोटोपेक्षा चांगलं दिसतं.

तुझी,
सुनीती

पिनर, २३ जुलै २००६

प्रिय ज्युलिएट,

फोटोवाचून तुझं अडलं आहे हे दोन फोन आणि एक पत्र आल्यावर माझ्या लक्षात आलं. सोबत पाठवते आहे. पुष्करने मुकाट्याने काढला. आई-वडिलांना प्रश्न विचारायचे नाहीत, एवढं वळण आम्ही त्याला लावलेलं आहे.

फोटोतली फुलं जरा ताठ वाटतील. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. पानांना चकाकी दिसेल, ती मी नुकतीच धुतली होती म्हणून. उजवीकडचं एक फूल थोडं कलंडलं आहे, कारण त्याची तार

त्याचा देठ वाकला आहे.

गेल्या शनिवारी वेम्बलीला जाऊन आले. तूरडाळ संपली होती, म्हणून मुद्दाम ईलिंग रोडला गेले आणि जाता जाता गणपतीच्या सजावटीचं सामानही घेऊन ठेवलं. गणपतीला अजून महिना आहे हे मला ठाऊक आहे, पण आयत्या वेळी चांगली फुलं मिळत नाहीत. यंदा आमच्या मखराला तशी फुलं कमीच पडणार आहेत, पण देव समजून घेईल.

इकडे छत्तीस डिग्री झालं. हे बनियनवर बागेत बसतात. समोरच्या बाईने पडदे ओढून घेतले आहेत, ते उन्हामुळे की यांच्यामुळे ते विचारलं नाही. तू तिकडे स्वेटर घालून बसली असशील.

तुझी,
सुनीती

पिनर, १३ ऑगस्ट २००६

ज्युलिएट,

तू तिकीट काढल्याचं कळलं. बारा सप्टेंबर. इमॅन्युएलला जाऊन वर्ष होईल तेव्हा त्याच्या फुलांजवळ बसायचं आहे, असं तू लिहिलंयस. ते वाचून माझ्या हातातला कालथा खाली पडला. आता मला खरं लिहिलंच पाहिजे. तू बसून वाच.

फुलं नाहीत. कधीच नव्हती. पानंही नाहीत. बीचच्या झाडाखाली सध्या नुसती माती आहे, आणि त्याला कारण मी आहे.

तुझ्या यादीत सायक्लेमेनपुढे महिने आणि एकच शब्द आहे. त्यावर काहीतरी सांडून शाई पसरली आहे. मी वाचलं, "मे ते ऑगस्ट : जप." मला वाटलं, इमॅन्युएलची आठवण आहे, फुलांना जप म्हणतेय. हे म्हणाले, जप म्हणजे नामस्मरण, झाडापुढे बसून करायचं असेल, तिला विचार. विचारायची लाज वाटली, म्हणून मी दोन्ही केलं. होजपाइप बंद, म्हणून तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, आंघोळीचं उरलेलं पाणी, सकाळी चार बादल्या आणि संध्याकाळी चार. बादली ओतता ओतता रामनाम. तुम्हा बेने इस्राएलींत चालत नसेल तर माफ कर, मला दुसऱ्या कुणाचं येत नाही.

जितकं जपत गेले तितकी पानं पिवळी पडत गेली. आठ जूनला शेवटचं पान गळलं. अकरा जूनला मी तुला सात फुलं लिहिली.

फोटोतली फुलं ईलिंग रोडवरची आहेत, प्लॅस्टिकची. ड्रेन्सही ठणठणीत आहेत. दृष्ट काढली तेव्हा एजंट किती वाजता येणार हे मला मिनिटासकट माहीत होतं.

परवा मी बोटाने माती उकरून पाहिली. एक भाकरीएवढा काळा कंद लागला, तो मी घाबरून तसाच झाकून टाकला. कडेचे दोन मऊ पडले होते, ते हातातच आले. ते कंपोस्टमध्ये टाकले आणि घरात येऊन रडत बसले. यांनी विचारलं तेव्हा सांगितलं की इमॅन्युएलची आठवण आली. ते खोटं होतं. मी माझ्यासाठी रडत होते. तू फुलांसाठी येणार, फुलं नसली तर येणार नाहीस, आली नाहीस तर ऍरन घर विकणार, असा सगळा हिशेब माझ्या डोक्यात पक्का बसला होता.

मला तू जायला नको आहेस, ज्युलिएट. हे मी तुला मे महिन्यात गाडीच्या काचेतून सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी तुला सँडविचचा डबा दिला.

रागावून दोन शिव्या दिल्यास तरी चालेल, पण ये.

सुनीती

पिनर, २४ सप्टेंबर २००६

प्रिय ज्युलिएट,

तू परत जाऊन चार दिवस झाले. इथे होतीस तेव्हा शेवटच्या दिवशी मी फारसं बोलले नाही, त्यामुळे मी रागावले असं तुला वाटलं असेल. रागावले होतेच. आता शांतपणे उत्तर देते. तू काय काय म्हणालीस ते मला नीट कळलं आहे का, हेही ताडून बघ.

पहिलं यादीचं. तू ती खिडकीपाशी उजेडात धरलीस आणि टेबलाचा आधार घेऊन हसत सुटलीस. ऑपरेशन झालेल्या बाईने इतकं हसू नये. "अगं, हे झोप आहे. उन्हाळ्यात ती झोपतात." म्हणजे ज्यांनी चार महिने डोळे मिटून पडायचं, त्यांच्या अंगावर मी रोज आठ बादल्या पाणी ओतलं आणि कानाशी नामस्मरण केलं. मी असते तर मेले असते. ती मेली नाहीत. मी गणपतीच्या गडबडीत असताना त्यांनी आपली आपण माना वर काढल्या, पानांचा पत्ता नाही, नुसती फुलं. एकोणीस. मी तुला फोनवर ओरडून सांगितलं तेव्हा तू म्हणालीस की तो बाबा वेळेचा पक्का होता, त्याची झाडंही तशीच असणार.

दुसरं माझ्या खोटेपणाचं. तुला अकरा जूनलाच कळलं होतं. "जूनमध्ये सायक्लेमेन फुललं असतं तर इमॅन्युएलने पेपरात फोटो छापून आणला असता," हे तुझे शब्द. आणि तरी तू मला रंग विचारलास, वास विचारलास, फोटो मागितलास. ऍरनने तो फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला तेव्हा डावीकडून तिसऱ्या फुलावर दुकानाचं लेबल सापडलं, हे तू मला भरल्या घरात, यांच्यासमोर सांगितलंस. दर शुक्रवारी शब्बाथची जेवणं झाली की माझी पत्रं मोठ्याने वाचली जात होती. मध्ये एखादा शुक्रवार कोरडा गेला की तुझी नात हदार विचारायची, "आजी, तो पत्र आली का?" तिचं व्याकरण बापावर गेलं आहे. बादल्यांचं मात्र तुला माहीत नव्हतं. असतं तर ओरडले असते, म्हणालीस.

मी विचारलं, मग पहिल्यांदाच का नाही पकडलंस मला? यावर तू जे म्हणालीस ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. "सुनीती, खरं लिहायचं तर तू दोन ओळी लिहिशील. बिन ठेवली, पोस्ट उचललं. खोटं बोलतेस तेव्हाच तू चार पानं लिहितेस."

तिसरं. एकोणीस फुलांसमोर बागेतल्या खुर्च्या टाकून आपण बसलो, इमॅन्युएलचं वर्ष झालं, तू त्याच्या नावाने आणलेला गोड पोह्यांचा मलिदा आपण तिघांनी खाल्ला. आणि मग तू ते बोललीस. "घर विकते आहे मी. जिना होत नाही मला. आणि तिकडे पोरगी शाळेतून येते तेव्हा दार उघडायला कुणीतरी लागतं. ते मला आवडायला लागलंय."

मी म्हणाले, "चहा गार होतोय." यापेक्षा बरं काहीतरी मला सुचायला हवं होतं.

माझं उत्तर असं. मी अख्खा उन्हाळा समजत होते की फुलं आली की तू राहशील. फुलं आली. तुझ्या निर्णयाचा फुलांशी काही संबंध नव्हता, एजंटशी नव्हता, माझ्या मिरच्यांशी तर नव्हताच. हे मला कळायला चार दिवस लागले. तुझं बरोबर आहे. जिन्याचं मी तुझ्या खुब्याकडे बघून कधीच ओळखायला हवं होतं. तुझं बरोबर आहे हे लिहिताना मला अजिबात बरं वाटत नाही, पण लिहिते.

जाताना म्हणालीस, लिहीत राहा, खोटं असलं तरी चालेल. त्यावर मी अजून विचार करते आहे.

तुझी,
सुनीती

पिनर, ३ डिसेंबर २००६

प्रिय ज्युलिएट,

इकडे सगळं उत्तम आहे.

नवी माणसं गेल्या शनिवारी राहायला आली. ठसका लागलेलंच जोडपं, शेवटी त्यांनीच घेतलं. मुलीने मला लगेच ओळखलं आणि ड्रेन्सबद्दल विचारलं. मला ती फार आवडली. तिच्याशी माझं इतकं जमतं की तीस वर्षांची ओळख असावी असं वाटतं. तुझ्यापेक्षा कमी बोलते, हेही एक बरंच आहे.

त्यांनी तुझे पडदे काढून टाकले. मला काहीच वाटलं नाही. ते बाहेर बिनपाशी ठेवले होते, तिथून मी ते घरी आणलेले नाहीत आणि धुऊन इस्त्री करून कपाटात ठेवलेले नाहीत.

सायक्लेमेनला आता पानं आली आहेत. नक्षीदार, चंदेरी, गालिचा पसरल्यासारखी. हे तेवढं खरं आहे. त्या मुलीला मी झाडाखाली नेऊन सगळं समजावून सांगितलं, तिने वहीत लिहून घेतलं, आणि मी ते तिच्याकडून तीनदा मोठ्याने वाचून घेतलं. तिला माझा कंटाळा आला नाही.

तुझी आठवण यायला मला वेळच मिळत नाही. दिवस भराभर जातात. यांनी परवा विचारलं की तू गप्प का असतेस, तर मी म्हणाले की मी गप्प नाहीच आहे.

ग्लासगोला यायचा माझा काही विचार नाही. एवढ्या थंडीत कोण येतं तिकडे? युस्टनहून सकाळी गाडी असते आणि दुपारी पोचवते, ही चौकशी मी सहज केली. लोकरीचे मोजेही सहजच घेतले, चार जोड. चकल्या केल्या आहेत त्या इथेच खायला. हदारला सांग, तिची ती आंटी येणार नाहीये, त्यामुळे कुणी मराठीची उजळणी वगैरे करून ठेवू नये.

मी येत नाही, तेव्हा अंथरुणाची सोय करू नकोस. आणि वीस तारखेला स्टेशनवर कोणीही येऊ नका.

तुझी,
सुनीती